तेराव्यानंतरची मुलं

नाशिकच्या रामकुंडावर राज्यभरातून लोक अस्थी घेऊन येतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गंगेवर दशक्रिया होते, पिंड ठेवले जातात आणि मंडळी संध्याकाळच्या गाडीने परततात. या गर्दीत मुलंही असतात. नुकतंच मुंडन झालेला दहा-बारा वर्षांचा मुलगा बोटात दर्भाचं पवित्रक घालून गुरुजी सांगतील तसं करत असतो. त्याची बहीण पायऱ्यांवर बायकांमध्ये बसलेली असते. तिला कुणी काही करायला सांगितलेलं नसतं.

गेलेल्या माणसासाठी कोणत्या दिवशी काय करायचं, हे आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. मागे राहिलेल्या मुलासाठी काय करायचं, यावर मात्र एकमत नाही. त्याला किती सांगायचं, कुठे न्यायचं, रडू द्यायचं की सावरायला लावायचं, समुपदेशकाकडे पाठवायचं की घरातच सांभाळायचं, या प्रत्येक प्रश्नावर जगभर जवळजवळ शंभर वर्षं चर्चा चालू आहे. ती आज कुठे येऊन पोहोचली आहे आणि महाराष्ट्रातल्या मुलाला तिचा काय उपयोग आहे, हे इथे पाहायचं आहे.

आधी आसरा, मग शोक

नाशिकच्या शरणपूर रोडला ज्या वसाहतीचं नाव आहे, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून शिकवली गेली. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत असलेला आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत त्याची सोबत करणारा जेकब वेनराइट हा याच ‘नासिक बॉईज’पैकी. पुढे दुष्काळ आणि प्लेगच्या काळात अनाथ मुलांचा प्रश्न मोठा झाला. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. अन्न, निवारा आणि शिक्षण हे या संस्थांचं काम होतं आणि ते त्यांनी निष्ठेने केलं. मूल जगवणं हाच तेव्हाचा प्रश्न होता. त्याच्या मनात काय चाललं आहे हे विचारण्याइतकी उसंत त्या काळाला नव्हती.

शोकाची नोंद झाली ती साहित्यात, आणि तीही नाशिकमध्येच. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यांची आई १९१७ साली गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुस्तक लिहिताना तेहतीस. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते संस्कारांचं पुस्तक म्हणून मुलांच्या हाती दिलं. माझ्या मते मराठीत वियोगाबद्दल लिहिलेलं ते एक मूलभूत पुस्तकही आहे. आई गेल्यानंतर पंधरा वर्षांनी मुलगा रात्रीमागून रात्र तिच्याबद्दल बोलतो आणि भोवतीची माणसं त्याला थांबवत नाहीत. आजच्या अभ्यासकांना मुलासाठी नेमकं हेच हवं असतं.

प्रशासनाच्या कागदावर हा विषय ठळकपणे आला तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. घरातली मुलं हे टीव्हीवर पाहत होती. त्या महिन्यांत अनेकांना शेवटचं दर्शन मिळालं नाही, घाटावर जाता आलं नाही, भेटायला कुणी दारात आलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार महासाथीच्या पहिल्या चौदा महिन्यांत जगभरातल्या सुमारे १५ लाख मुलांनी आई, वडील किंवा सोबत राहणारे आजीआजोबा गमावले होते. राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं नेमली गेली आणि अशा मुलांच्या याद्या तयार होऊ लागल्या.

मुलांना मरण कळतं का?

या चर्चेतला हा सगळ्यात जुना प्रश्न, आणि आज बराचसा सुटलेला. मारिया नागी या संशोधिकेने बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून १९४८ साली निष्कर्ष मांडले. पाचाच्या आतल्या मुलाला मरण तात्पुरतं वाटतं; पाच ते नऊच्या दरम्यान ते कुणीतरी येऊन घेऊन जाणारी व्यक्ती वाटते; नवाच्या पुढे ते अटळ आणि सगळ्यांना लागू असल्याचं उमगतं. या वयोमर्यादा पुढे बऱ्याच सैल झाल्या. मुलाने काय पाहिलं आहे, यावर समज अवलंबून असते. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर दावणीची शेळी मरताना पाहिलेलं, आजोबांचा शेवटचा श्वास त्याच खोलीत ऐकलेलं सहा वर्षांचं मूल आणि फ्लॅटमध्ये वाढलेलं नऊ वर्षांचं मूल यांची बरोबरी वयावरून करता येत नाही.

मूल शोक करू शकतं का, हा वाद अधिक तीव्र होता. मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या मार्था वूल्फेनस्टाइन यांनी १९६६ मध्ये म्हटलं, की किशोरवय ओलांडल्याशिवाय खरा शोक शक्यच नाही. जॉन बोल्बी यांचा याला विरोध होता: लहानग्याचाही जिव्हाळा तुटतो आणि त्याचं दुःख मोठ्यांच्या दुःखाच्या जातीचंच असतं. अर्ना फर्मन यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की जवळचा माणूस साथीला असेल तर शाळेत न जाणारं मूलही शोक पेलतं. आज बोल्बी-फर्मन यांची बाजू सर्वमान्य आहे. फरक आहे तो रीतीचा. मूल घटकाभर रडतं आणि घटकाभराने अंगणात क्रिकेट खेळतं. ते पाहून घरातले म्हणतात, “बरंय, त्याला काही कळत नाही.” त्याला कळलेलं असतं, एवढं दुःख सलग धरून ठेवण्याची ताकद अजून आलेली नसते.

लहान मुलं कार्यकारणभाव स्वतःपाशी आणून जोडतात, यावरही एकमत आहे. मी बाबांना उलटून बोललो, म्हणून ते गेले. आपल्याकडे या समजाला बाहेरून खतपाणी मिळतं: मूळ नक्षत्रावर जन्मलेला, पांढऱ्या पायाची. आजी-काकूंच्या तोंडून एकदा निसटलेला असा शब्द मूल वर्षानुवर्षं मनात बाळगतं.

सांगायचं कसं

“बाबा गावाला गेलेत.” “आई देवाघरी गेली.” “आजोबा चांदणी झाले.” घरोघरची ही उत्तरं मुलाला वाचवण्यासाठी असतात. सांगणाऱ्याचाही कंठ दाटलेला असतो, हे विसरून त्यांना नावं ठेवू नयेत. वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं, की एवढ्या लहान जिवावर सगळं एकदम कशाला टाकायचं. वेळ आली की आपोआप कळेल.

बालमानसशास्त्रात काम करणाऱ्यांचा सूर वेगळा आहे. मृत्यू हा शब्द वापरा, शरीर थांबलं आणि ते माणूस परत येणार नाही असं सांगा, तुझ्यामुळे झालं नाही हेही सांगा. आणि पुन्हा पुन्हा विचारलं तर पुन्हा पुन्हा तेच सांगा. गावाला गेलेला माणूस परत यायला हवा; तो येत नाही तेव्हा आपल्याला सोडून गेला, असा अर्थ मूल काढतं. ‘झोपलेत’ म्हटलं तर मुलाला रात्री झोपायची भीती वाटू लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ‘संवाद’ या राष्ट्रीय उपक्रमातून अंगणवाडी सेविका, बालगृहातले कर्मचारी आणि शिक्षकांपर्यंत अशा संभाषणाचं प्रशिक्षण नेलं आहे.

या दोन बाजू दिसतात तितक्या दूर नाहीत. श्रद्धेची भाषा वस्तुस्थितीच्या जोडीने आली तर कुणाचीच हरकत नसते. आई मेली, ती आता येणार नाही, आणि आपण मानतो की ती देवाजवळ आहे, हे एका दमात सांगता येतं.

आत्महत्येच्या बाबतीत मात्र मतभेद खरे आहेत. नाशिक जिल्ह्याच्या कांदा-द्राक्षांच्या पट्ट्यातल्या घरांना हा प्रश्न टाळता येत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर राज्य सरकार वारसांना एक लाख रुपये देतं, पण आधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. कर्ज होतं का, सातबारा नावावर होता का, अशी विचारपूस ओसरीवर होते आणि दाराआड उभं असलेलं मूल ती ऐकतं. बाप अपात्र ठरला, एवढंच त्याच्या कानावर पडतं. काही तज्ज्ञांच्या मते आत्महत्या हे कारण सोप्या शब्दांत लवकर सांगावं. काहींच्या मते आधी मृत्यू सांगावा आणि कारण वयाप्रमाणे हळूहळू उलगडावं. घरच्यांना एक भीती असते, की कळलं तर पोरगं त्याच वाटेने जाईल. ती हसून उडवून लावण्याजोगी भीती नाही. आत्महत्येने पालक गमावलेल्या मुलांमध्ये पुढचा धोका वाढलेला असतो, हे खरंच आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: शाळेच्या मैदानात दुसऱ्याच्या तोंडून हे कळण्याआधी ते घरच्याच माणसाने सांगितलेलं बरं.

घाटावर न्यावं का

लहान मुलांना आणि बायकांना स्मशानात न नेण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. त्याच घरात मुलगा एकटाच असेल तर सातव्या वर्षीही अग्नी त्यालाच द्यावा लागतो. म्हणजे एका मुलाला पूर्ण वगळलं जातं आणि दुसऱ्यावर सगळं पडतं. या विषयावरचा सर्वांत उपयोगी अभ्यास हार्वर्डशी संबंधित विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांचा. बोस्टन परिसरातल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला. बहुतेक मुलं अंत्यविधीला गेली होती. तिथे काय दिसेल याची आधी कल्पना दिलेली मुलं, तशी न दिलेल्या मुलांपेक्षा नंतर चांगली सावरली. न्यावं की नेऊ नये यापेक्षा, विचारलं का आणि तयारी करून घेतली का, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

ही तयारी आपल्याकडे अधिकच लागते, कारण आपले विधी बोलके आहेत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा एकेक नातेवाईक पुढे होऊन मोठ्याने सांगतो, “पोरांची काळजी करू नको, आम्ही सांभाळू.” मुलासाठी याहून मोठा दिलासा कोणता? गावासमोर, गेलेल्याला साक्षी ठेवून दिलेलं ते वचन असतं. पण तेवढ्यात कुणी पुटपुटतं, “जीव पोरात अडकलाय,” आणि आपल्यामुळे बाबा अडकले, अशी बोच मुलाला लागते. त्र्यंबकेश्वरला अपमृत्यूनंतर होणाऱ्या नारायण नागबळीचंही तसंच. घराला त्यातून आपलं कर्तव्य पार पडल्याचं समाधान मिळतं. मुलाच्या मनावर बापाला गती मिळाली नव्हती, हे कोरलं जाऊ शकतं. विधी मुलाला सावरतो की घाबरवतो, हे बरंचसं शेजारी बसलेलं माणूस कानात काय सांगतं यावर ठरतं.

नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं हे मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. त्यावरची चर्चा स्त्रियांच्या सन्मानाभोवती झाली आणि ते योग्यच होतं. मुलांच्या बाजूनेही त्या ठरावाचं महत्त्व मोठं आहे. वडील गेल्याच्या दिवशीच आईलाही ओळखू येणार नाही असं करून टाकलेलं पाहणं, हा मुलाचा दुसरा वियोग असतो.

धागा सोडायचा की जपायचा

फ्रॉइडपासून साधारण १९८०च्या दशकापर्यंत विचार असा होता, की निरोगी शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातल्या पाच अवस्था आजही शिक्षकांच्या शिबिरांत मुलांना लावल्या जातात. मुळात त्या मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेली मुलं त्या क्रमाने चालत नाहीत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी उलट मांडणी केली: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि मुलं ते मुद्दाम जपतात. १९९९ मध्ये श्ट्रोबे आणि शुट यांनी दाखवलं, की माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने वळत राहतो. क्रिकेट खेळणाऱ्या त्या मुलाचा खुलासा इथे मिळतो.

महाराष्ट्राला ही मांडणी नवी वाटू नये. पितृपक्षात आजोबांच्या आवडीचा पदार्थ पानात वाढला जातो. मालेगावात शब-ए-बरातला मुलं वडिलांचं बोट धरून कब्रस्तानात जातात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यांची नावं आहेत. त्यात वडिलांच्या नावाखाली आपलं नाव लिहिलेलं पाहणारा मुलगा एका सलग ओळीत उभा राहतो. मुलींची नावं त्या ओळीत सहसा नसतात, ही उणीव नोंदवायलाच हवी. शिवाय जपलेला प्रत्येक धागा आधार देतोच असं नाही. वडिलांच्या धाकात वाढलेल्या, दारूपायी मार खाल्लेल्या मुलाला सक्तीच्या गोड आठवणी जाचतात. नातं जपणं केव्हा हिताचं आणि केव्हा जड, यावर संशोधन अजून ठाम बोलत नाही.

‘आता तूच कर्ता’

किशोरवयीनांबद्दल कमी लिहिलं गेलं आहे, आणि आपल्याकडे तर त्यांना मुलं म्हणून मोजलंच जात नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पाहुणे म्हणतात, “आता तूच घरातला कर्ता. आईकडे बघ. रडायचं नाही.” काही मुलांना या जबाबदारीतून खरोखर उभारी येते, आणि कुटुंबाला त्यांची गरजही असते. तिच्याखाली शोक दाबला जातो आणि राग, अबोला, व्यसन, शाळा सुटणं या वाटांनी बाहेर येतो, असा दुसरा अनुभव आहे. दोन्ही खरे आहेत. काम किती आणि कौतुक किती, शाळा चालू राहिली का, यावर निकाल ठरतो.

मुलींवर वेगळं संकट येतं. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही समजूत अनेक समाजांत आहे. वडील गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीसाठी ही समजूत आणि काकांच्या डोक्यावरची जबाबदारी एकत्र आली की स्थळ शोधायला सुरुवात होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांतली किती लग्नं अशा मृत्यूनंतरची, हे ही पाहणी विचारत नाही. माझ्या मते विचारायला हवं.

समुपदेशन सगळ्यांना की काहींना?

आजचा सर्वांत जिवंत वाद हा आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या डगी सेंटरने १९८२ पासून मुलांचे गट चालवले; तिथला विश्वास असा, की समदुःखी मुलांमध्ये बसणं प्रत्येक मुलाच्या कामी येतं. दुसरी बाजू आकडे पुढे करते. करियर, हॉलंड आणि निमायर यांनी २००७ मध्ये १३ नियंत्रित अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरसकट दिलेल्या मदतीचा एकूण परिणाम नगण्य निघाला. त्रास दिसत असलेल्या मुलांना वेळेवर दिलेली मदत अधिक उपयोगी पडली. वर्डेन यांच्या पाहणीतही दोन वर्षांच्या काळात केव्हातरी गंभीर अडचणीत आलेली मुलं सुमारे एक तृतीयांश होती. बाकीची घर, शाळा आणि मित्रांच्या बळावर सावरली. अचानक पालक गमावलेल्या मुलांच्या पिट्सबर्गमधल्या अभ्यासात दहांपैकी साधारण एकाचा शोक जवळजवळ तीन वर्षं तसाच तीव्र राहिला.

अशा लांबलेल्या शोकाला २०२२ मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने स्वतंत्र निदान दिलं. मोठ्यांसाठी मुदत बारा महिन्यांची, मुलांसाठी सहा. निदानामुळे उपचाराचा रस्ता खुला होतो, असं समर्थक म्हणतात. दुःखालाच आजार ठरवलं जातंय, असा आक्षेप आहे. वर्षश्राद्धापर्यंत घरात सणही न करणाऱ्या समाजात सहा महिन्यांची मुदत कशी लावायची, हा आपला जास्तीचा प्रश्न.

दोन निष्कर्षांवर मात्र सगळे येऊन थांबतात. पहिला: मुलाचं पुढे काय होतं हे ठरवण्यात मागे राहिलेल्या पालकाची स्थिती सगळ्यात मोलाची. ॲरिझोनात अर्विन सँडलर आणि सहकाऱ्यांनी १५६ कुटुंबांतल्या २४४ मुलांसाठी आखलेल्या कार्यक्रमात मुलांबरोबर आई किंवा वडिलांचेही स्वतंत्र गट घेतले. त्याचे चांगले परिणाम सहा वर्षांनी तपासलं तेव्हाही टिकून होते. ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: नवरा गेलेली आई आणि बाप गेलेला मुलगा एकाच घरात आपापलं दुःख वेगवेगळं वाहतात, आणि आईला थोडा आधार मिळतो तेव्हाच मुलाचा श्वास मोकळा होतो. दुसरा निष्कर्ष: पालक गमावलेल्या आणि न गमावलेल्या मुलांमधला फरक वर्डेन यांना दुसऱ्या वर्षी अधिक ठळक दिसला. तोवर पाहुणे थांबलेले असतात, शिक्षक बदललेले असतात, आणि दहाव्याला वचन देणारे आपापल्या संसारात असतात.

मदत कुणाला, कशाची

राज्याने करोनाने दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतात. एकच पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती आता चालते आणि दरमहा २,२५० रुपये देते. या योजनेत मृत्यू करोनानेच झालेला असण्याची अट नाही, आणि हा तिचा मोठा गुण आहे. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीने विधवांचा प्रश्न लावून धरला. आईला उभं केल्याशिवाय मूल उभं राहत नाही, हे तिने संशोधनाचं नाव न घेता ओळखलं. फोनवरच्या मदतीसाठी टेली-मानस (१४४१६) आणि बालकांसाठी १०९८ आहेत.

पैसा आधी की मन आधी, असा वाद इथे अधूनमधून होतो. पैशाची बाजू भक्कम आहे: फी भरली गेली, घर बदलावं लागलं नाही, भावंडं वेगळी झाली नाहीत, तर अर्धा आघात टळतो. मनाची बाजू मांडणारे दाखवून देतात, की सगळे अर्ज मृत्यूचा दाखला मागतात, मूल कसं आहे हे विचारत नाहीत.

उरलेले प्रश्न

वर दिलेलं बहुतेक ज्ञान बोस्टन, पिट्सबर्ग आणि ॲरिझोनाचं आहे. तिथे घर म्हणजे दोन पालक. आपल्याकडे ज्याने वाढवलं तो काका किंवा आजी गेली, तर कागदोपत्री मूल कुणालाच गमावत नाही. भाऊ किंवा बहीण गेलेलं मूल तर सगळ्याच याद्यांच्या बाहेर राहतं. घराचं लक्ष आईबापांच्या दुःखाकडे असतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे आणि विभागातली हजारो मुलं आश्रमशाळांत राहतात. निरोप आल्यावर कारण न सांगता घरी नेलेलं आणि काही दिवसांनी वसतिगृहात परतलेलं मूल रात्री कुणाशी बोलतं? अधीक्षकाला त्यासाठी काय शिकवायचं? आई पुन्हा लग्न करते तेव्हा मुलाला पुन्हा वियोग होतो की नवा आधार मिळतो, हेही आपल्या समाजातल्या मुलांकडूनच समजून घ्यावं लागेल.

आणखी एका प्रश्नाचं उत्तर शोधणं मात्र तुलनेने सोपं आहे. बालसंगोपनाचा लाभ देताना गृहचौकशी होते. सरकारचं माणूस त्या घरात जाऊन बसतं. त्या भेटीत मुलाशी दहा मिनिटं बोलून त्याची झोप, शाळा आणि मित्र यांबद्दल विचारायचं, आणि मृत्यूला दोन वर्षं पूर्ण होताना पुन्हा एकदा जायचं, एवढी भर घातली तर धडपडणारी एक तृतीयांश मुलं वेळेत दिसतील का, हे एखाद्या तालुक्यात करून पाहता येईल. निफाड किंवा पेठपासून सुरुवात करायला हरकत नाही.